बाळासाठी की बाईसाठी?



तान्ह्या बाळांना घेऊन आईवडिलांनी यावे, सतरंजीवर बसावे, बाळ रडले तरी कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत, अशा शास्त्रीय संगीताच्या मैफली लंडनसारख्या शहरांत होत आल्या आहेत. गाण्यावर जीव टाकणाऱ्या पुण्यात हे का नसावे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. रमणबागेत गाणे रात्रभर चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना मनाई करणारे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि रात्रीची मैफल दुपार-संध्याकाळवर आली. पण ही वेळ तरी कोणाच्या सोयीची? बाळाचा भात, त्याची झोप, घरादाराचा स्वयंपाक हे सारे त्याच तासांत येते. मंचावरच्या गंगूबाई हनगल, किशोरी आमोणकर, प्रभा अत्रे यांना आपण डोक्यावर घेतले. समोर बसून ऐकणारी बाई मात्र बाळंतपणानंतर काही वर्षे श्रोत्यांतून नाहीशी होते. नवऱ्याचे तिकीट सहसा चुकत नाही.

अशा मैफलींचे समर्थन बहुधा ‘बाळाची बुद्धी वाढते’ असे केले जाते. तेथे सावध राहायला हवे. ज्या प्रयोगावरून ही समजूत पसरली, तो १९९३ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात बाळे नव्हती, महाविद्यालयीन विद्यार्थी होते. मोत्झार्ट ऐकल्यावर एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, पण हा परिणाम १०-१५ मिनिटेच टिकला. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीत वाटण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडींचा बाजार आहे. हुशार मूल घडवण्याची जबाबदारी अशी पुन्हा आईच्याच पदरात पडते. उद्या मूल अभ्यासात मागे पडले, तर ‘तू गरोदरपणी काय ऐकलेस’ हेही तिलाच विचारले जाईल.

बाळाला गाणे आवडते, तेवढे कारण पुरेसे आहे. आणि बाईला गाणे आवडते, हे तर त्याहून पुरेसे आहे. आई झाली म्हणून तिचा कान आणि तिची आवड संपत नाही.

म्हणून आपली मागणी साधी असावी. बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचे, म्हणजे आपल्या कराचे आहे. अशा जागी महिन्यातून एक सकाळ तासाभराची बैठक व्हावी. आवाज बेताचा असावा, बाळाला पाजायला संकोच वाटू नये, कलावंतांना योग्य मानधन मिळावे. वस्तीतल्या अंगणवाडीतही तंबोरा पोचावा, नाहीतर हे चार सोसायट्यांचे कौतुक होऊन बसेल. आणि बाळाला मांडीवर घेऊन बाबानेही बसावे. अधूनमधून त्याने बाळ घरी सांभाळावे आणि तिने एकटीने गाणे ऐकावे, हेही तितकेच आवश्यक.

आपापल्या गटात यावर बोला. शेवटची मैफल प्रत्यक्ष कधी ऐकली, एवढे एकमेकींना विचारले तरी चर्चेला सुरुवात होईल.