शोषखड्डा खणला, पण सांभाळणार कोण?

जलजीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी रोज 55 लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्यातले साधारण 80 टक्के, सुमारे 220 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते जाते कुठे?

"आमच्याकडे शोषखड्डा आहे," असे रुग्ण सांगतात. चांगलेच आहे. पण गाळ, साबण आणि तेलकट मळ साचला की खड्डा तुंबतो आणि पाणी रस्त्यावर येते. त्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात. हत्तीरोग पसरवतात ते हेच डास. गटारातून गेलेली पाइपलाइन गळकी असेल, तर नळाचे पाणी बंद झाल्यावर ती गटाराचे पाणी आत ओढते. मग कावीळ, टायफॉइड, जुलाब. गोळ्यांनी रुग्ण बरा होतो, गटार तसेच राहते.

म्हणून माझे मत असे, की खड्ड्यांसाठी जसा पैसा मिळतो, तसा तो सांभाळणारा माणूस तयार करण्यासाठीही मिळायला हवा. पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक गावात असतोच. गाळ कधी काढायचा, विहिरीपासून खड्डा किती लांब हवा, हे त्याला शिकवा. काळ्या चिकण मातीत पाणी नीट मुरत नाही. तिथे काय करायचे, हे सांगायला अभियंत्याने गावात यायला हवे.

येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या शोषखड्ड्यांची देखभाल कोणाकडे आहे? आणि तोवर पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.