बळ आणि माप

नवागामात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ. सुट्टी लागली की त्यांस गावाची ओढ लागते, आणि अलीकडे अनेकांच्या दारी, जुनी का होईना, स्वतःची मोटार उभी असते. चाक काढणे-बसविणे ही कामे घरीच होतात. ही काटकसर स्तुत्य होय. तथापि तीत एक उणीव राहून जाते. ती आम्ही स्वतःच्या चुकीतून जाणली.

एकदा प्रवासापूर्वी आम्ही चाकांचे नट आवळले आणि मनाच्या समाधानासाठी पान्याच्या दांड्यावर चक्क उभे राहिलो. पुढे विसरवाडी सोडून कोंडाईबारी घाटात चाक पंक्चर झाले. सोबत म्हातारी माणसे व लेकरे, वर ऊन. नट काही केल्या सुटेनात. अखेर एक बोल्टच तुटला. आमच्याच बळाने आमची वाट अडविली होती.

आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो व त्या ताणानेच चाक जागी राहते. ताण कमी पडल्यास नट सैल होतो. अधिक झाल्यास आटे मरतात. हे माप मनगटास कळत नाही, म्हणून टॉर्क पाना. अर्धा मीटर दांड्याच्या टोकाशी 20 किलोंचा जोर म्हणजे सुमारे 100 न्यूटन-मीटर. लहान मोटारींस बहुधा 85 ते 110 पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. सत्तर किलोंच्या माणसाने फूटभर दांड्यावर उभे राहिल्यास तो 200 च्या पुढे जातो!

चाकांसाठी अर्धा इंची, 40 ते 200 मापाचा पाना घ्यावा. आपला आकडा त्याच्या मधल्या भागात यावा. ठरल्या मापास ‘टक्’ असा आवाज करणारा पाना सोयीचा. काट्याचा स्वस्त, व त्याची निगाही थोडी. चार टक्क्यांहून अधिक चूक नसल्याचा दाखला पाहून घ्यावा.

आटे स्वच्छ व कोरडे असावेत, तेल लावू नये. नट आधी हाताने बसवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. मुठीच्या मध्यभागी धरावे, दांड्यास नळी जोडू नये आणि ‘टक्’ होताच थांबावे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे.

या पान्याने नट कधीही सोडवू नयेत. काम संपताच ‘टक्’ करणाऱ्या पान्याचे माप सर्वांत खालच्या आकड्यावर आणावे, त्याखाली मात्र नेऊ नये. नाहीतर आतील स्प्रिंग बिघडते. पाना पडू देऊ नये, पावसाळी दमटीपासून पेटीत जपावा आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

किंमत जड वाटल्यास चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. आमचा पेटीत आहेच. ज्यास हवा त्याने न्यावा. मात्र परत आणताना माप खाली उतरवून आणावे, इतकीच विनंती.