विस्टेरिया नको, करंज हवा

उथळ तबकात हातभर उंचीचे झाड आणि त्यावर लोंबणारे जांभळ्या फुलांचे घोस! विस्टेरियाच्या बोन्सायचे असे चित्र पाहिले की आपल्याही शाळेत असे एक झाड असावे, असे कोणाला वाटणार नाही? विद्यार्थिमित्रांनो, ही इच्छा चांगलीच आहे. पण जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावात ती पुरी करायची, तर विस्टेरियाचे रोप मागवू नये. ओढ्याकाठच्या करंजाची शेंग उचलावी, असे माझे मत आहे.

विस्टेरिया ही मूळची चीन, जपान व अमेरिकेतील वेल. ती हिवाळ्यात पाने गाळते आणि थंडीत विश्रांती घेते. आदल्या उन्हाळ्यात तयार झालेल्या कळ्या ही थंडी सोसून वसंतात उमलतात. म्हणूनच आपल्या देशात ती हिमालयातील थंड हवेच्या गावी चांगली फुलते. मे महिन्यात जिथे पारा 40 अंशांच्या वर जातो, तिथे उथळ तबकात तिला जगवणेच कठीण. मग फुलांची आशा कशी धरावी? शिवाय बियांपासून वाढवलेल्या वेलीला पहिले फूल यायला 10 ते 15 वर्षेही लागतात. म्हणून जाणकार कलमी रोपच निवडतात.

आता करंजाकडे पाहा. विस्टेरिया आणि करंज दोन्ही वाटाण्याच्या कुळातले. दोन्हींची पाने संयुक्त, दोन्हींची फुले वाटाण्याच्या फुलासारखी, आणि दोन्हींच्या मुळांवर गाठी. या गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन झाडाला उपलब्ध करून देतात. विस्टेरियासारखे लांब घोस करंजाला येत नाहीत, हे मान्य. पण ऐन उन्हाळ्यात नवी पालवी आणि फिकट जांभळट फुलांचे तुरे घेऊन तो उभा असतो. जमिनीत लावलेले करंजाचे रोप साधारणपणे 4 ते 7 वर्षांत फुलू लागते. तबकात याहून अधिक काळ लागू शकतो.

काही शिक्षक म्हणतील, बोन्साय म्हणजे झाडाचा छळ. झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, ही समजूत मात्र चुकीची आहे. शेंड्याच्या कळीत ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते व ते बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की त्या कळ्या जाग्या होतात आणि झाड उंच होण्याऐवजी भरदार होते. जुनी मुळे छाटून ताजी माती दिली की नवी मुळे व मूलरोम फुटतात. पाने हळूहळू लहान होतात. फुले मात्र मूळच्याच आकाराची राहतात. झाडाची आनुवंशिकता बदलत नाही. तेच झाड जमिनीत लावले, तर ते पुन्हा मोठे होऊ लागते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. 1625 पासून त्याची बोन्साय म्हणून जोपासना होत आली आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहरात होते. त्यातूनही ते वाचले आणि 1976 मध्ये यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. छळ सोसून झाड इतकी वर्षे जगले असते का?

छळ होतो तो निष्काळजीपणाने. म्हणून थोडी पद्धत सांगतो. जूनच्या पहिल्या पावसात रात्रभर भिजवलेले करंजाचे बी मोठ्या कुंडीत पेरावे. बिया तोंडात घालू नयेत. त्या खाण्याच्या नाहीत. खोड जाड होण्यासाठी दोन-तीन वर्षे रोप कुंडीतच वाढू द्यावे. मग पावसाळ्याच्या आरंभी मुळांची छाटणी करून ते उथळ परळात लावावे व दोन आठवडे सावलीत ठेवावे. परळ कुंभाराकडून घ्यावा आणि आव्यात भाजण्यापूर्वीच त्याला तळाशी भोके पाडून घ्यावीत. तो माठासारखा पाझरतो, त्यामुळे मुळे थंड राहतात. पण माती लवकर सुकते. नुसती काळी माती वापरू नये. ती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. विटांचे ज्वारीएवढे तुकडे दोन भाग, चाळलेली माती एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग, हे मिश्रण बरे. करंजाची पेंड उत्तम खत आहे, पण ती चिमूटभरच घालावी. नायट्रोजन फार झाला की पाने माजतात आणि फुले रुसतात.

याला प्रयोगाचे रूप द्यायचे असेल, तर त्याच झाडाच्या बियांचे दुसरे रोप शाळेच्या आवारात जमिनीत लावा. दरवर्षी ठरलेल्या दिवशी दोन्हींच्या खोडाचा घेर व पानांची लांबी मोजून वहीत लिहा. पहिले फूल आले की ती तारीखही नोंदवा.

खरी परीक्षा मात्र मे महिन्यात आहे. शाळेला सुट्टी असते आणि परळाला दिवसातून दोनदा पाणी लागते. दोन दिवस चुकले तर सहा वर्षांचे झाड जाईल. म्हणून माझे शिक्षकांना स्पष्ट सांगणे आहे : सुट्टीतील पाण्याच्या पाळ्या लागत नसतील, तर बोन्साय करूच नका, रोप जमिनीत लावा.

आठवीत बी पेरणारा विद्यार्थी दहावीनंतर शाळा सोडतो. बहुधा त्याला फूल दिसणार नाही. तरीही त्याने पेरावे, आणि निरोपाच्या दिवशी वही व झारी आठवीच्या मुलांच्या हाती द्यावी. विज्ञानातील कितीतरी निरीक्षणे अशीच एका पिढीने सुरू केली व दुसरीने पुरी केली. विकत आणलेल्या विस्टेरियापासून हे शिकता येणार नाही.