दिवा लुकलुकतो, दोष कुणाचा?



धुळ्यातील आमच्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून ‘आर्डुइनो उनो’ बोर्ड नेला. तळहाताएवढ्या या पाटीवर एक चिमुकला संगणक असतो; मुले त्याच्या आधारे दिवे, भोंगे, मोटारी चालवून पाहतात. २००५ साली इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांसाठी जन्मलेले आर्डुइनो आता आपल्याकडील अनेक शाळांच्या प्रयोगशाळांतही दिसते.

भाच्याने २ क्रमांकाच्या पिनला बटन जोडले. ते दाबल्यावर बोर्डावरील एलईडी लागावा, सोडल्यावर विझावा, एवढीच अपेक्षा. परंतु बटनाला स्पर्श न करताच दिवा लुकलुकू लागला; नुसता हात जवळ नेला तरी लागे. तीन रात्री गेल्या. अखेर मेहुण्यांनी निकाल दिला, “माल नकली आहे.” दुकानदारासाठी कडक शब्दांचा निरोपही लिहून ठेवला, सुदैवाने तो पाठवण्यापूर्वी त्यांनी मला फोन केला.

मी म्हटले, “आधी बोर्डाची साक्ष घेऊ.” सर्व तारा काढून आर्डुइनोसोबत येणारा ‘ब्लिंक’ हा तयार प्रोग्राम चढवला. दिवा एक सेकंद लागला, एक सेकंद विझला, न चुकता. म्हणजे बोर्ड निर्दोष होता.

मग तारा तपासल्या. बटनाचे एक टोक २ क्रमांकाच्या पिनला, दुसरे ५ व्होल्टला. बटन दाबले की पिनला ५ व्होल्ट मिळतात. सोडले की मात्र ती कशालाच बांधलेली राहत नाही. उनो ३ व्होल्टच्या वर ‘एक’ आणि १.५ व्होल्टच्या खाली ‘शून्य’ मानतो. मोकळी पिन घरातील वीजतारांचा आणि आपल्या हाताचाही प्रभाव टिपत या दोहोंत हेलकावत राहते. आपल्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम ना नावे, ना जमा. खतावणीत न चढलेली सुटी चिठ्ठी.

उपाय सोपा आहे. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर जोडावा; बटन सुटले की पिन शून्यावर स्थिरावते. रेझिस्टर नसल्यास प्रोग्राममध्ये ‘इनपुट पुलअप’ लिहून बटनाचे दुसरे टोक ५ व्होल्टऐवजी ग्राउंडला न्यावे. मात्र तेव्हा बटन दाबल्यावर ‘शून्य’ येते, म्हणून प्रोग्राममधील अटही उलटवावी. चार पायांच्या बटनाचे पाय आतून जोडीजोडीने जुळलेले असतात. तारा कर्णातील दोन पायांना लावाव्यात, नाहीतर बटन कायमचे दाबलेले भासू शकते. आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर कोणता लागू पडला ते कळत नाही.

रेझिस्टर लावताच दिवा आज्ञेत आला. मेहुणे क्षणभर गप्प झाले. अठरा पापस्थानांतील तेरावे ‘अभ्याख्यान’, म्हणजे खोटा आळ घेणे. सत्याणुव्रताच्या अतिचारांतही ‘सहसाभ्याख्यान’ आहे: विचार न करता एकाएकी कुणावर दोष ठेवणे. प्रतिक्रमणात आपण हे शब्द नित्य उच्चारतो. पण बाजारात ज्याची पत जाते, त्याला ती केवळ मिच्छामि दुक्कडम् म्हटल्याने परत मिळत नाही.

मेहुण्यांनी तो निरोप पुसला आणि त्याच दुकानदाराला दुसरा धाडला: “१० किलो-ओहमचे आणखी दहा रेझिस्टर पाठवावेत.”