लँकेशायरचा हॉटपॉट आणि आमची रक्ती

हॉटपॉट म्हटले की आपल्याला भाकरी गरम ठेवायचा डबा आठवतो. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात मात्र हे मटण-बटाट्याच्या एका जुन्या पदार्थाचे नाव आहे. आज तो ‘पारंपरिक ब्रिटिश पदार्थ’ म्हणून मिरवतो. ही परंपरा नेमकी कोणाची, हा आमचा प्रश्न आहे.

आधी कृती पाहा. मेंढीच्या मानेचे हाडासकट तुकडे घ्यायचे, म्हणजे स्वस्तातले चिवट मटण. ते परतून मातीच्या खोल भांड्यात घालायचे. वर भरपूर कांदा, मीठ, मिरपूड आणि बेताचा हाडांचा रस्सा. काही घरांत गुर्देही पडतात. सर्वांत वर बटाट्याच्या चकत्या कौलांसारख्या एकीवर एक रचायच्या. झाकण ठेवून मंद भट्टीत दोन-अडीच तास शिजवायचे आणि शेवटी झाकण काढून चकत्या खरपूस होऊ द्यायच्या. सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. एके काळी यात कालवेही घालत, कारण तेव्हा ते गरिबाला परवडत.

या कृतीत गरिबीचे शहाणपण आहे. चिवट मटण मंद आचेवरच मऊ होते. थोड्या मटणात बटाटा अनेक पोटे भरतो. आणि भट्टीतल्या भांड्याजवळ कोणाला उभे राहावे लागत नाही. कापडगिरणीत बाईही दिवसभर राबत असेल, तर हेच सोयीचे.

या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला होता. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या, घराघरांत उपासमार आली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनना पाठिंबा दिला. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननी त्यांना आभाराचे उत्तर पाठवले. सगळे कामगार असे नव्हते. पण रिकाम्या भांड्यासमोर बसूनही दुसऱ्याच्या बेड्या ओळखणारे होते.

अशा माणसांचे जेवण पुढे देशाचे जेवण झाले. आमचे का होत नाही? रक्ती, वजडी, वाळवलेल्या चान्या यांतही तेच शहाणपण आहे: जे हाती आले ते वाया न घालवता चवदार करणे. कोणी म्हणेल, इंग्लंडच्या श्रीमंतांनीही गरिबांना तुच्छ लेखलेच. लेखले, पण मानेचे मटण खाणाऱ्याचा विटाळ मानला नाही. दारिद्र्य हटले की तिथले भांडे वरच्या टेबलावर चढते. इथे पैसा आला तरी घर भाड्याने देताना पहिला प्रश्न येतो, “नॉनव्हेज खाता का?” विचारणाऱ्याला ताटाआडून जात हुडकायची असते. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा गरिबाच्या स्वस्त मांसाचा विचार कोणी केला?

काहीजण लगेच बाबासाहेबांचे नाव पुढे करतात: १९२७ ला महाडमध्ये त्यांनीच मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले ना? होय, सांगितले. मेलेली ढोरे ओढणे ही गावाने लादलेली गुलामी होती आणि ते मांस त्या गुलामीचा मोबदला होता. ती गुलामी नाकारणे हा स्वाभिमान. त्याचा आधार घेऊन आमच्या आज्यांच्या हातच्या सगळ्या चवीला घाण ठरवणे हा मनुवाद. या दोन गोष्टींची गल्लत आम्ही होऊ देणार नाही.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून वाट दाखवली आहे. आता काम आपले. आजी हयात आहे तोवर तिच्याकडून कृती लिहून घ्या: काय घातले, कुठून आणले, काय परवडत नव्हते. आणि कॉलेजात, कचेरीत डबा झाकून खाऊ नका.

जय भीम!