मूळ रूप, प्रक्षेप आणि नगरची एक मोटार

जुन्या मोटारींच्या संग्राहकांचे लेखन साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचून पाहावे. पाठचिकित्सेची जवळजवळ सगळी परिभाषा त्यात निराळ्या नावांनी वावरत असते. इंजिनावरचा आणि चॅसीवरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळला की गाडी ‘अस्सल’. दिवे, चाके, रंग मागाहून बदललेले निघाले की ती ‘बिघडवलेली’. म्हणजे आपल्याकडची मूळ संहिता आणि प्रक्षेप. प्रक्षेपाचा संग्राहकाला मनापासून तिटकारा असतो. आमचे म्हणणे असे, की हा तिटकारा ज्या ‘मूळ रूपा’वर उभा आहे, ते पुष्कळदा अस्तित्वातच नसते. त्याचा एक चांगला पुरावा नगरमध्ये आहे. (2024 साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, येथे आम्ही जुन्या सवयीने नगर म्हणत आहोत.)

नगरला भूदलाच्या आर्मर्ड कोअरचे रणगाडा संग्रहालय आहे. 1994 मध्ये ते सुरू झाले. पाहायला येणारी मंडळी बहुधा 1965 च्या युद्धातल्या पॅटन रणगाड्यापाशी रेंगाळतात. त्याच संग्रहात एक रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट आहे. पण ती ओळखूच येत नाही. अंगावर पोलादी पत्रे, वर मशीनगनचा फिरता बुरूज. राजेरजवाड्यांच्या छायाचित्रांत दिसणारी ती हीच, हे सांगावे लागते.

या गाडीचा इतिहास थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. 1906 मध्ये रोल्स-रॉईसने ‘40/50’ अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची मोटार काढली. 1907 मध्ये तिच्यातल्या एकीला चंदेरी रंग देऊन ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हटले गेले आणि ते नाव पुढे सगळ्या मालिकेला चिकटले. तिची कीर्ती झाली ती आवाज न करण्याबद्दल आणि न थांबण्याबद्दल. 1907 सालीच लंडन-ग्लासगो रस्त्यावर ती सुमारे 15,000 मैल फेऱ्या मारीत राहिली. 1911 मध्ये एक गाडी लंडनहून एडिंबरोला जाऊन परत आली, तीही केवळ वरच्या गिअरवर. त्याच गाडीवर हवा कापणारे निमुळते अंग चढवून ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर सोडली, तेव्हा तिने ताशी 100 मैलांची मर्यादा ओलांडली. 1912 च्या आल्प्समधील चाचणीत मात्र एका चढावर एका खासगी मालकाच्या गाडीची फजिती झाली. कंपनीने तीनऐवजी चार गिअरांची पेटी बसवली आणि 1913 मध्ये त्याच पर्वतांतून सन्मानाने परतली. स्पोर्ट्‌स कारच्या पूर्वजांत या आल्प्सवाल्या गाड्यांची गणना होते, ती या पराक्रमामुळे.

आता या गाडीचे ‘मूळ रूप’ कोणते? तीन गिअरांचे की चारांचे? निमुळत्या अंगाचे की प्रवासी अंगाचे? खरी गंमत पुढेच आहे. त्या काळी रोल्स-रॉईस संपूर्ण मोटार विकतच नसे. कंपनी देई ती इंजिनासह चॅसी; तिच्यावर अंग चढवण्याचे काम बार्कर, हूपर यांसारखे बग्गीच्या परंपरेतून आलेले कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे करीत. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी तर त्यावर शिकारीच्या गाड्याही बांधवून घेतल्या. थोडक्यात, हा ग्रंथ जन्मापासूनच भाष्यासह प्रसिद्ध झाला. भाष्य काढून घ्या, आणि उरते ती बसायला जागा नसलेली चॅसी.

1914 मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश आरमाराच्या विमानदलाने याच चॅसीवर चिलखत चढवले. गाडी चार टनांच्या वर गेली, तरी ताशी 70 किलोमीटरच्या आसपास पळत राहिली. आल्प्ससाठी घडवलेला दणकटपणा अरबस्तानच्या वाळवंटात आणि पुढे वायव्य सरहद्दीवर उपयोगी पडला. संग्राहकाच्या शुद्ध दृष्टीने पाहिले तर नगरच्या गाडीची पुरती विटंबना झाली आहे. परंतु तिला कोणी विटंबना म्हणत नाही, इतिहास म्हणतात. फेरफार सरकारने केला म्हणून तो इतिहास, एवढाच काय तो भेद, अशी आमची शंका आहे.

ही शंका यावी याला कारण त्याच नगरचे दुसरे वाहन. 1972 मध्ये, दुष्काळाच्या ऐन तोंडावर, फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरला लूना काढली. इटलीच्या पियाजिओची ‘चाव’ ही तिची जननी. 50 सीसीचे इंजिन, पायडल मारून चालू करायचे, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास. करंजी घाटात डबलसीट चढताना त्याच पायडलांनी इंजिनाला मदत करावी लागे. सिल्व्हर घोस्टशेजारी हिला उभे करणे काहींना थट्टा वाटेल. वाटो. गाडीचे अंग गिऱ्हाइकाने घडवायचे, ही बार्कर-हूपरची परंपरा मात्र जिल्ह्यात चालवली ती लूनानेच.

दूध घालणाऱ्याने गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात मागचे कॅरियर रुंद करून घेतले आणि दोन्ही अंगांना कॅन अडकवायला आकडे लावले. कोणी पायांमधल्या मोकळ्या जागेत गॅसची टाकी बसेल अशी कडी केली, कोणी घासाचा भारा तोलण्यासाठी मागे लोखंडी पट्ट्या वाढवल्या. पेट्रोलमध्ये रॉकेलही जाई. ते काही अभिमानाने सांगण्याजोगे नव्हे. गाडीवरची प्रत्येक जोडणी एका धंद्याची, एका रस्त्याची, एका शरीराच्या सवयीची नोंद होती. साखर कारखाने आणि दूध संघ यांच्या इतिहासावर जिल्ह्यात ग्रंथ झाले; वस्तीवरचे दूध डेअरीपर्यंत कसे पोहोचे, हे ते वाकलेले कॅरियर अधिक नेमके सांगते.

आणि नेमक्या याच वस्तूला आपला कायदा जुनी मानायला तयार नाही. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी, की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. चॅसी, अंग वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पहिल्या लूनांनी पन्नाशी 2022 मध्ये गाठली. त्यांतली जी कोणाच्या बंगल्यात झाकून राहिली ती पात्र. जी तीस वर्षे दूध वाहत राहिली ती बहुधा भंगार. शिवाय नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, म्हणजे लूनाच्या मूळ किमतीहून कितीतरी अधिक. असो.

रस्त्यावरच्या वाहनात वाटेल तसा बदल करू नये, हे आम्हांला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 तेच सांगते, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दुजोरा दिला. सायलेन्सर कापून गाव उठवणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. पण रस्त्याचा नियम वेगळा आणि स्मरणाचा नियम वेगळा. व्हिंटेज वाहन रोज चालवण्यासाठी नसतेच. मग त्याला सुरक्षिततेची नव्हे, शुचितेची अट कशासाठी?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो याच जिल्ह्यातून येईल. नेवाशाला 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढे अपपाठ शिरले. 1584 मध्ये एकनाथांनी ते काढून प्रत शुद्ध केली, आणि कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावले. प्रक्षेपाचा निषेध याहून अधिकाराने कोण करणार? आक्षेप वजनदार आहे. तरी एक गोष्ट विसरू नये. शुद्ध प्रत सिद्ध करायची तरी अशुद्ध प्रती समोर असाव्या लागतात. एकनाथपूर्व वाटलेल्या पोथीवरून राजवाड्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली, तीही कोणीतरी ती पोथी टाकून दिली नव्हती म्हणूनच. शुद्धीकरण हे संपादकाचे काम. पोथ्या जाळणे हे त्याचे काम नव्हे. आपला नियम लूनांच्या बाबतीत दुसरेच करतो आहे.

नगरच्या, संगमनेरच्या, श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत आणि प्रकल्पांना विषय मिळत नाहीत अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. भंगाराच्या दुकानात अजून लूना येतात. कॅरियरचे छायाचित्र घ्यावे, जोड कोणत्या गावात, कशासाठी मारला ते मालकाला विचारावे, आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. मालक आता सत्तरीत आहेत.