मोटार चढविण्याच्या फळ्या

घरांत मोटार आली म्हणजे तिच्यामागून नवे प्रश्नहि येतात. चिरंजीवांची बदली दूर झाली, किंवा बंद पडलेली मोटार परगांवच्या कारखान्यांत न्यावयाची झाली, तर ती ट्रेलरवर चढवावी लागते. त्यासाठीं जमिनीपासून ट्रेलरच्या पाटापर्यंत दोन तिरप्या फळ्या लावतात. बाजारांत त्यांस 'रॅम्प' म्हणतात. आमच्या नारपोलीच्या आसमंतांत यंत्रमाग व गुदामें दाट. मालमोटारीला फळी टेकवून हमाल कापडाच्या गांठी चढवितात, हें दृश्य नित्याचें. त्यामुळें "गांठीसकट हमाल पेलणारी फळी मोटारहि पेलेल" असें वाटून शेजारच्या गुदामांतून दोन फळ्या उसन्या आणण्याचा मोह होतो. तो आवरावा.

प्रथम लांबीचा विचार करूं. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या 'लीलावती'ंतील भुज, कोटि व कर्ण हे शब्द येथें फार उपयोगी पडतात. ट्रेलरच्या पाटाची उंची ही कोटि आणि फळी हा कर्ण. उंची ६० सेंटिमीटर व फळी दीड मीटर असेल, तर ११०० किलोची मोटार ओढून घेण्यास ४४० किलोंचा जोर हवा. फळी तीन मीटर असेल तर २२० किलो पुरतो. चाकांचें घर्षण यांत धरलेलें नाहीं. जोर निम्मा झाला, वाट दुप्पट झाली. एकूण श्रम तेवढेच. आपल्या कसारा घाटांत रेल्वे बांधणाऱ्यांनीं हाच व्यवहार केला. १८६५ सालीं खुल्या झालेल्या त्या मार्गाचा चढ ३७ फुटांस १ फुटाहून अधिक होऊं दिला नाहीं, त्यासाठीं मार्गाची लांबी पत्करली.

जोरापेक्षांहि नाजूक प्रश्न मोटारीच्या पोटाचा. पुढचीं चाकें पाटावर गेलीं व मागचीं अद्याप फळीवर असलीं, म्हणजे पाटाची कड मोटारीच्या पोटाशीं येऊन भिडते. किती, तें काढण्याची रीत सोपी आहे: पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतराच्या चतुर्थांशास कोटीनें गुणावें आणि कर्णानें भागावें. आंसांमधील अंतर २५० सेंटिमीटर धरल्यास चतुर्थांश साडेबासष्ट. दीड मीटरच्या फळीवर उत्तर २५ येतें. तीन मीटरच्या फळीवर साडेबारा. मोटारीचें पोट जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंच असेल, तर पहिल्या फळीवर तें घासून अडकेल, दुसरीवर साडेचार सेंटिमीटर मोकळें राहील. सामानानें स्प्रिंगा दबतात, म्हणून एवढी मोकळीक हवीच. ज्या मोटारीचें नाक पुढें व खालीं आलेलें असतें, तिचें नाक फळीच्या पायथ्याशींच टेकतें का, हेंहि पाहावें.

आतां बळकटीचा विचार. पुढें एंजिन असलेल्या मोटारीचा सुमारें ६० टक्के भार पुढील चाकांवर असतो. वरील मोटारीच्या एका चाकाखालीं ३३० किलो येतात. फळी आंसांमधील अंतराहून लांब असली, तर पुढचें व मागचें अशीं दोन्ही चाकें एकदम तिच्यावर येऊन ५५० किलोंचा भार पडतो. शिवाय तोच भार मध्यावर घेणारी फळी दुप्पट लांब असली, तर तिला वांकविणारा ताणहि दुप्पट होतो. तेव्हां फळीवर लिहिलेली शक्ति एकीची कीं जोडीची, हें दुकानदारास स्पष्ट विचारावें, आणि हिशेबाहून बरीच अधिक शक्ति घ्यावी. लोखंड स्वस्त पण जड, व गंजतें. ॲल्युमिनियम महाग पण एकट्यास उचलण्याजोगें. आडव्या पट्ट्या असलेली फळी घ्यावी. पावसाळ्यांत चिखलानें गुळगुळीत लाकूड निसरडें होतें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चालतें चाक मोटारीस पुढें ढकलतांना फळीस मागें ढकलतें. फळी ट्रेलरला आंकड्यानें किंवा खिळीनें अडकविलेली व सांखळीनें बांधलेली असावी. कोठें कोठें क्लीनरचा पोर फळीवर पाय देऊन उभा करितात. खिळीचें काम कोणाच्या लेंकराच्या पायाकडून घेऊं नये. मोटार चढूं लागतांच ट्रेलरची शेपटी दबते व तोंड उचलतें. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस जोडलेला ठेवावा, शेपटीखालीं टेकू द्यावेत, चाकांना अडसर लावावेत. सपाट जागा पाहावी आणि चढवितांना मागें कोणीहि उभें राहूं नये.

खरेदीस निघण्यापूर्वीं पाटाची उंची, आंसांमधील अंतर व मोटारीच्या पोटाची उंची हीं तीन मापें, आणि मोटारीचें वजन, कागदावर लिहून घ्यावें. दुकानांत प्रथम तो कागद दाखवावा. किंमत त्यानंतर विचारावी.